जेलरच्या सतरा वह्यांबाबत

मी, पुस्तकबांधणीवर पोट भरणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहिते. उजव्याची हकीकत कलम दोनमध्ये येईल.

कलम १. दुकान, मागची खोली, सुया, कातऱ्या, कातडी, ही सारी स्वकष्टार्जित मिळकत वहिनीला द्यावी. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, याचा त्यावर काडीचाही हक्क नाही.

कलम २. दादाला आप्पांचं चांदीचं पदक द्यावं. आप्पा, आमचे वडील, जेलर होते. दादाला तेवढेच आप्पा हवे आहेत. पण आप्पा रोज लिहीतही असत: कोणाला मारलं, कशाने, किती वेळ. अशा सतरा वह्या. त्या जाळायला दादा गेल्या वर्षी भरदुपारी दुकानात आला.

"वह्या कुठायत?"

"नाही सांगणार."

"बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस?"

त्याने माझा उजवा हात पुस्तकं दाबायच्या लोखंडी शिकंज्यात कोंबला आणि दांडा फिरवला. दर फेऱ्याला तोच प्रश्न. दुसऱ्या फेऱ्याला करंगळी गेली. चौथ्यापर्यंत सगळी बोटं. तो चिडलेलाही नव्हता. आप्पांसारख्याच बाह्या नीट दुमडल्या होत्या.

वहिनी माझा जेवणाचा डबा घेऊन आली. तिने बांधणीची हातोडी उचलून त्याच्या खांद्यावर घातली, तो कोसळल्यावर पुन्हा घातली, आणि मग दांडा उलटा फिरवला. "वन्सं, हात ओढू नका," एवढंच म्हणाली. दादाचा खांदा आजही उतरलेला आहे. त्याबद्दल तिला कोणीही जाब विचारू नये. हातोडीही तिलाच.

कलम ३. वह्या दुकानात नव्हत्याच. महिनाभर आधी मी त्यांच्या शिवणी उसवून, पानं साफ करून, नव्याने बांधून अभिलेखागारात दिल्या होत्या. नोंद व्हायची होती आणि दादाच्या ओळखी दांडग्या, म्हणून तोंड उघडलं नाही. आता नोंद झाली आहे. वह्या कायम तिथेच राहाव्यात आणि मागेल त्याला वाचायला मिळाव्यात.

अभिलेखपालबाईंनी विचारलं होतं, "नवव्या वहीतली काही पानं तुमच्या हयातीत बंद ठेवू का?"

मी नको म्हटलं.

त्या पानांवर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका कंपॉझिटरचे शेवटचे चार दिवस आहेत. सरकारी कागद म्हणतो, जिन्यावरून पडून मेला. आप्पा लिहितात: आधी पट्टा, मग काठी, तळपाय फुटले, बेशुद्ध. 'मुलीकडून पाणी मागवले. तोंडावर मारून शुद्धीवर आणले. पुन्हा सुरू.'

ती मुलगी मी. अकरा वर्षांची होते. आमचं घर तुरुंगाच्या भिंतीला लागूनच होतं. पहिली बादली नेली तेव्हा वाटलं, प्यायला हवं असेल. दुसऱ्यांदा दारातून सगळं दिसलं. त्याचे पाय दिसले. तिसरी बादली तरीही भरून नेली, थेंब न सांडता.

कलम ४. हे मी चाळीस पानांत सविस्तर लिहिलं आहे. तीही पानं नवव्या वहीसोबत ठेवावीत. कंपॉझिटरच्या मुलीला शोधून काढून ती मी वाचून दाखवली. तिने एकच विचारलं, "बाबांना त्यातलं घोटभर तरी प्यायला मिळालं का?"

"नाही."

ती म्हणाली, "साक्षीदार म्हणून सही करते. माफीचा विषय काढू नका."

मी काढला नाही.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: चौदा मार्च, सकाळी अकरा

लिहून देणार: जेलरची मुलगी (डाव्या हाताची सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. कंपॉझिटरची मुलगी (सही)