चौथी खुर्ची

प्रिय ढब्बू,

सगळ्यात आधी आली ती नर्सिंगची मुलगी. चप्पल काढता काढताच माझी नाडी बघायला लागली. तिच्या मागून व्यायामानं बरं करायला शिकणारा ताडमाड मुलगा. दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागली, म्हणून आधी पेशंट तोच झाला. मग गोळ्या-औषधांचं शिकणारी चष्मेवाली. त्यांच्या कॉलेजात आता निरनिराळं शिकणाऱ्या पोरांना मिळून एकाच घरी धाडतात म्हणे. चक्कर येऊन पडले ना मी, म्हणून आमचं घर. मला काय, घर भरलं की आनंदच.

तर गंमत ऐक. तिघांनी मला वेगवेगळं विचारलं. चष्मेवालीला म्हटलं, गोळी एकही चुकवत नाही. नर्सबाईला म्हटलं, रात्री सारखं लघवीला उठावं लागतं. ताडमाडाला म्हटलं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. खोटं कुणाशी बोलले नाही, फक्त प्रत्येकाला अर्धं अर्धं वाढलं. मग तिघं माझ्याच पलंगावर बसून भांडायला लागली. गोळ्या ठीक आहेत, पाय ठीक आहेत, मग आजी पडते कशी? शेवटी नर्सबाईनं विचारलं, आजी, ती बीपीची, लघवी वाढवणारी गोळी घेता केव्हा? मी छताकडे बघत कबूल केलं. झोपताना घेते गं. सकाळी घेतली तर बाहेर जायची पंचाईत. म्हणजे गोळीच रात्री उठवायची, आणि उठलं की अंधारी! तिघं इतकी हसली, मग मीही.

पण गोळीची वेळ बदलायची तर डॉक्टर हवा. त्यांच्यात चौथा आहे, डॉक्टरकी शिकणारा. तो आलाच नाही. यांच्यात बसून मी काय शिकणार, म्हणतो. त्याच्यासाठी मांडलेली खुर्ची तशीच राहिली. पोरं गेल्यापासून माझ्या पायाला भिंगरी. खिडकीशी जाते, खुर्चीशी येते, पत्रही असं उठत-बसत लिहितेय.

कारण ती खुर्ची पाहिली आणि तू आठवलास. तूही डॉक्टरकीच शिकतोस, आणि तुमच्या कॉलेजातल्या अशाच गटात जायचं सोडलंस, आईला फोनवर म्हणालास, नर्सांबरोबर बसून वेळ फुकट जातो. बाळा, मी पडले तेव्हा थोडा वेळ शुद्धच नव्हती. हे तिघांना सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही. डॉक्टरसाठी राखून ठेवलं होतं. तुझ्यासाठीही कुणी म्हातारी असंच काही राखून बसली असेल. जा रे तिच्याकडे.

पोरं गुरुवारी परत येतो म्हणालीत, चौथ्याला कान धरून आणणार आहेत.

तुझीच,
अर्धं अर्धं वाढणारी आजी