खदानीवरची माती

आये, रविवारी तुझ्या खदानीवर जाऊन आले. तुझी नात ठाण्यात दवाखान्यात नर्स आहे, तिनेच नेलं. "साखरशेताहून येतेस नि खोलीत बसून राहतेस, चल, तुला छान जागा दाखवते," म्हणाली. मला काय ठाऊक कुठे नेतेय ती! रिक्षातून उतरले तर मोठी कमान, आत फरशीची वाट, हिरवळ, आइस्क्रीमच्या गाड्या आणि मधोमध निळंशार पाणी. पाण्यापलीकडे कातळाचा उभा कडा दिसला आणि मी जागा ओळखली. बाकी सगळं बदललं, पण तो कडा कसा बदलणार?

भातकापणी झाली की आपण जव्हारकडच्या आपल्या गावाहून इथं दगड फोडायला यायचो. तू कड्याखाली बसून खडी फोडतेयस, डोळ्यात कच जाऊ नये म्हणून पदर पार भुवईपर्यंत ओढलेला, आणि मी धाकट्याला कडेवर घेऊन सावली शोधतेय. त्याला ताप भरला तेव्हा बा गावी गेलेला. तो परत यायच्या आत पोर गेलं. झोपड्यांमागच्या चिंचेखाली तू त्याला पुरलंस आणि सकाळी पुन्हा हातोडा घेऊन बसलीस. मुकादम त्या दिवशी ओरडला नाही, तेवढीच त्याची माया. पुढे खदान बंद पडली, आपण वीटभट्ट्यांवर जायला लागलो. "माझा पोऱ्या तिकडं एकटा पडलाय गं, मूठभर माती आणून त्याला घरामागं ठेवू," हे तू शेवटच्या आजारापर्यंत म्हणत होतीस.

नात फोन धरून म्हणतेय, "आई, हस की जरा." मला कसलं हसू येतंय! तिथंच तिला सगळं सांगितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने फोन पर्समध्ये टाकला, चपला काढून हातात घेतल्या आणि माझ्याबरोबर चिंच शोधायला लागली. चिंच कुठली राहतेय! तिथं आता झोपाळे आहेत आणि कडेने फुलझाडं. कड्याच्या अंदाजाने मी एका वाफ्याशी बसले, माती उकरली.

"मावशी, काय करताय?" माळी धावत आला.

"थोडी माती हवीय, घरी न्यायला."

"ही इथली नाहीच. इथं नुसता दगड न् चुरा. बाग केली तेव्हा वरून भरलीय सगळी."

असा राग आला मला, आये. पोराची तेवढी खूणही ठेवली नाही मेल्यांनी. नातीनं हळूच विचारलं, "कुठून आणली?"

"जव्हारकडून आणली म्हणतात. तिकडून लाल मातीच्या गाड्या येतात ना."

मी हातातली माती बघत राहिले. डोंगरउतारावरच्या आपल्या वरकसासारखीच तांबडी होती. तू जन्मभर त्याला आपल्या मातीत आणायचं म्हणत राहिलीस, आणि तीच त्याच्यावर येऊन पडली होती. मग मला रडू फुटलं, चारचौघांत. रडून झाल्यावर माती वाफ्यात परत टाकली आणि हाताने सारखी केली.

हा कागद तुला कुठं धाडू? तांदळाच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. निघताना नात म्हणाली, "आई, थांब, माती खरंच जव्हारची का ते ऑफिसात विचारून पक्कं करून येते." मी तिचा हात धरला आणि तिला जाऊ दिलं नाही.