बसाप्पा नाक्यावरच्या दोन घंट्या

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
महापालिका विभागीय कार्यालय, बसाप्पा नाका, सोलापूर.

विषय : जुनी नाका इमारत पाडण्यापूर्वी तेथे सिटी बसच्या दोन घंट्या अधिकृतरीत्या देण्याबाबत.
संदर्भ : इमारत पाडण्याची आपली नोटीस व माझ्या मागील अर्जास आपले उत्तर.

महोदय,

मी, रत्नम्मा अण्णाराव हत्तुरे, निवृत्त शिक्षिका, राहणार वखार थांबा, पुन्हा अर्ज करते.

आपण इथे नवीन आहात, म्हणून सांगते. सदर इमारत मुळात जकात नाका. अक्कलकोटकडून येणाऱ्या शेंगांच्या गाड्या इथे अडवत. शहर वाढले, नाका पुढे सरकला आणि इमारतीत एका बाजूला जन्म-मृत्यू नोंदणी, दुसऱ्या बाजूला सिटी बसची कंट्रोल केबिन आली. माझे पती बसचे वाहक होते. शाळेत मी शिकवत असे, पण गावभर मास्तर म्हणत ते त्यांनाच.

शेवटच्या दिवशी त्यांनी थांबण्याची एक घंटी दिली, केबिनमध्ये जाऊन बाकावर बसले आणि उठलेच नाहीत. मृत्यूची नोंद भिंतीपलीकडेच झाली. प्रवासी दुसऱ्या बसने गेले. चालक ज्ञानबा यांनी गोंधळात रिकामी बस तशीच डेपोत नेली. ते आजही म्हणतात, "वैनी, दोन घंट्या न घेता गाडी हलवली म्या. तितंच चुकलं." वाहकाच्या दोन घंट्यांशिवाय बस हलत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते.

तेव्हापासून दिवेलागणीला, आता इमारत बंद पडली तरी, तिच्यासमोर एक घंटी वाजते. दोन कधीच वाजत नाहीत. समोर भजी तळणाऱ्या नागव्वा म्हणतात, "मास्तर आले की मी कढई उतरवते. भ्या वाटत न्हाय, पर लई वाईट वाटतं."

इमारतीत वीजजोडणी नसल्याने घंटी वाजणे शक्य नाही, असे आपण कळवले. महोदय, घंटी दोरीची होती. कान तपासून घेण्याचाही सल्ला आपण दिलात. तपासले. कान उत्तम आहेत.

देवघरातली घंटा नेऊन मीच दोनदा वाजवून पाहिली. उपयोग झाला नाही. नोकरीत असतानाही ड्युटीवर ते माझे ऐकत नसत. ज्ञानबा चालक, त्यांना तो अधिकार नाही. म्हणून कामावर असलेला, गणवेशातला, बिल्लाधारी वाहक एका संध्याकाळपुरता पाठवावा. मोकळी बस नसेल तर बस नको. जुन्या बसची घंटी ज्ञानबांनी भंगारातून सोडवून ठेवली आहे.

इमारत धोकादायक आहे, हे मला मान्य आहे. ती जरूर पाडावी. पण घंटीआधी पाडली, तर ते कुठे थांबतील, हा विचार मला झोपू देत नाही. माणूस गेल्याचे दुःख मी सोसले. तो वाटेतच अडकून राहिल्याचे सोसवत नाही.

आपण म्हणाल, घंट्या देऊन साध्य काय होणार. नाक्यानंतरचा थांबा वखारीचा आहे. त्या संध्याकाळी मी तिथे उभी राहीन.

आपल्या विभागातील नम्र रहिवासी,
रत्नम्मा अण्णाराव हत्तुरे
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : नोटिशीची प्रत, कान तपासल्याचा दाखला, पतीचा बिल्ला (येणाऱ्या वाहकाजवळ नसल्यास त्याने हा लावावा).