अकोल्याचा मेलेला सप्लाय

मंगळवार, सांजवेळ. अमरावती.

मी सांगतो अन् माई नात रेवा लिहिते, म्हनून आज तिचीच चुगली. अकोल्याच्या दवाखान्यातला सर्व्हर ही इथून, घरी बसून पायते. त्याले वीज देनारे दोन सप्लाय; कोनता तापला, कोनता थकला, लॅपटॉपवर सारं दिसते. म्हनून तिचं अकोल्याले जानं बंद झालं. तिच्यासंग मायं तिथल्या बहिनीकडे जानंही.

आज एक सप्लाय मेला.

"दुसऱ्यावर चालू हाये, आजी. पन नवा हातानंच बसवा लागते. उद्या जातो."

"मी पन येतो."

"हसून काहून राहिली?"

दवाखान्याचं वाईट चिंतलं काय मी? नाही बा. दुसरा जिता हाये ना! बहीन मात्र मले एकच हाये. लिही, थांबली काहून?