सर्व्हेवाली मुलगी घरी आली त्या दिवशी

प्रिय सूनबाई,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट उघडशील की तसंच बाजूला ठेवशील, माहीत नाही. उघडलंस तर शेवटपर्यंत वाच. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. लाँचच्या तिकीट खिडकीवरची नोकरी मागच्या वर्षी सुटली. घरात आम्ही दोघंच. तुझा नवरा सकाळी बर्फाच्या कारखान्यात जातो, संध्याकाळी येतो, जेवतो, टीव्हीसमोर बसतो. मी 'अजून वाढू का' म्हणून विचारते, तो मानेनेच नको म्हणतो. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं. परवा मी कढईशी भांडताना सापडले, आणि शेजारणीला वाटलं पाहुणे आलेत.

मागच्या महिन्यात बेटावर सर्व्हेवाले आले होते. आरोग्य केंद्रातल्या दोन खोल्यांत उतरले. आधी शाळेत गेले आणि आठवी-नववीच्या मुलांना बिननावाचे फॉर्म वाटले. सकाळी खाऊन येता का, सिगरेट ओढून पाहिली का, झोप लागते का, घरात कुणी कुणाला मारतं का. शेजारच्या मास्तरीणबाई सांगत होत्या, सिगरेटच्या प्रश्नाला मागच्या बाकांवर खसखस पिकली, आणि पुढच्या पानावर सगळा वर्ग एकदम गप्प झाला. आपली चिंगी इथे असती तर यंदा आठवीत असती. तिने त्या पानावर काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग त्यांच्यातल्या मुली घरोघर फिरायला लागल्या. बायकांच्या आरोग्याचा सर्व्हे, एवढंच बाहेर सांगत होत्या. आपल्याकडे आलेली पंचविशीची असेल, उन्हाने नाक सोललेलं, चपलांत वाळू. प्रत्येक घरातली एकच बाई निवडायची, चौसष्ट वर्षांपर्यंतची. मी काठावर पास. चिठ्ठी टाकायचीही गरज पडली नाही, घरात दुसरी बाई आहेच कुठे? ती म्हणाली, "आजी, कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागी बसू या." मी म्हटलं, "अगं, ऐकायला आहे कोण?" तरी तिने दार लोटून घेतलं.

आधी तुझ्या सासऱ्यांबद्दल विचारलं. कधी हात उगारला का, किती वेळा, तेव्हा मुलं घरात असायची का. गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं, असं मनात आलं, पण ती पेन धरून नुसती थांबली, घाई नाही केली. मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. मुलगा खाटेखाली जाऊन बसायचा, हेही सांगितलं. यावरून त्याला माफ कर असं मी तुला म्हणणार नाही. खाटेखाली बसलेल्याने तर जास्त शहाणं व्हायला हवं होतं.

तेवढ्यात तोच आला. चष्मा विसरला होता. त्या मुलीने डोळ्यांची पापणीही न हलवता कागद उलटला आणि विचारलं, "पाणी उकळून पिता का?" मी म्हटलं, "हो, पावसाळ्यात." "रक्तदाब कधी तपासला?" "आठवतच नाही, बाई." तो दारात उभा राहून ऐकत होता. मग चष्मा घेऊन गेला. त्याची पावलं वाजेनाशी झाल्यावर तिने कागद पुन्हा पालटला आणि म्हणाली, "आजी, तुम्ही छान सांभाळून घेतलंत." सूनबाई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी दुसरं काय करत होते? भिंतीपलीकडे तुझा आवाज यायचा आणि मी रेडिओ मोठा करायचे.

तिच्या यादीत तुझ्याबद्दल प्रश्न नव्हता. मीच सांगत सुटले. घर सोडलंस त्या सकाळी तू माझ्या तिकीट खिडकीवर आलीस, रुमालाने ओठ झाकलेला, चिंगीच्या पाठीला दप्तर. "एक पूर्ण, एक अर्धं. फक्त जायचं," एवढंच म्हणालीस. मी तिकिटं फाडून दिली. रुमालाखाली काय आहे ते मला दिसत होतं. 'जपून जा' इतकंही माझ्या तोंडून निघालं नाही. दुपारी तो आला, कुठल्या लाँचने गेली विचारलं. मी सांगितलं, मी पाहिलं नाही. त्या एका खोट्यावर मी स्वतःची समजूत घालत आले. पण पुढच्या आठवड्यात तू तक्रार दिलीस, पोलीस विचारायला आले, तेव्हा त्यांनाही मी तेच सांगितलं. मी पाहिलं नाही.

सर्व्हेवाली मुलगी सव्वा तास बसली. मी तिला तीनदा चहा विचारला, जाऊ नये म्हणून. जाताना म्हणाली, या कागदावर तुमचं नाव नाही, कुणाला कधी कळणार नाही. तिने धीर द्यायला सांगितलं. मला त्यानेच झोप येईना.

आता मुद्द्याचं. चिंगीचा ताबा मागणारा त्याचा अर्ज तुला मिळालाच असेल. तुझा पत्ताही मी त्याच कागदावरून उतरवला. साक्षीदार म्हणून त्याने माझं नाव दिलंय. "आई, घरात कधी काही झालं नाही, एवढंच बोलायचंय तुला," असं तो म्हणाला, आणि मी मान हलवली. अठरा तारखेच्या सुनावणीला मी पहिल्या लाँचने येते आहे. जे ऐकलं, जे पाहिलं, ते सगळं नावानिशी सांगणार आहे. हे पत्र तुझ्या वकिलांना दाखव. नंतर मला या घरात थारा नाही, ते मी धरून चालले आहे, त्याचा विचार तू करू नकोस. कोर्टात ओळख दाखवली नाहीस तरी चालेल. फक्त चिंगीला त्या दिवशी आणू नकोस. तिला बघायला जीव तुटतो, तरी नको. तिने आजवर ऐकलं तेवढं पुरे झालं.

तुझीच, म्हणू दिलंस तर,
सासू