सहाचा गजर

महाळुंगे, मंगळवार, संध्याकाळ

आज एकदाचा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. नाइट शिफ्टचा आठवडा आला की छातीत जळजळ, आणि माझे वडील पोटाच्या दुखण्यानंच गेलेले. मनात नको ते धरून बसलो होतो. गोळीचं बायकोला माहीत होतं, पण या भीतीबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

बाईंनी विचारलं, "ॲसिडची गोळी कधी घेता?"

"सकाळी उपाशीपोटी. सहाचा गजर लावलाय. नाइटला मशीनपाशीसुद्धा घेतो, एक दिवस चुकवली नाही." किती ऐटीत सांगितलं मी.

"आणि नाइट करून आल्यावर जेवता कधी?"

"आधी झोपतो. दुपारी दोनला उठून जेवतो."

बाई हसल्या नाहीत, हे बरं. म्हणाल्या, "गोळी जेवणाआधी अर्धा तास. ती घड्याळाला नाही, जेवणाला बांधा."

म्हणजे इतके दिवस सहाचा गजर लावून मी काय केलं? नुसतं पाणी प्यायलो म्हणायचं.

वजन, गिळणं, शौचाचा रंग, सगळं विचारलं. तसलं काही नाही. झालं तर लगेच यायचं, नाहीतर पंधरा दिवसांनी. गोळी आपल्या मनानं वाढवायची नाही की पंधरा दिवसांपुढे चालू ठेवायची नाही. कंबरदुखीसाठी लाइनवरच्या मित्राकडून घेतो ती गोळीही बंद, तिनंही जळजळ वाढते म्हणे. तीही मी घरी लपवलीच होती की.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं माझा मोबाइल घेतला, नाइटच्या आठवड्यापुरता सहाचा गजर दुपारी दीडवर नेला.

मग म्हणाली, "तुम्ही नाइटला असता तेव्हा सहाला मीपण जागी असते. आज घेतली असेल का, म्हणून."