बोटं सोडवताना मी पाहिलं

२९ नोव्हेंबर २००९, रविवार

वाचवली म्हणे! हर्षवर्धनने माझी पोरगी वाचवली म्हणे! काल संध्याकाळी बसमध्ये चढल्यापासून तेच ऐकते आहे. विहीणबाई सुशीलाबाई तर पलीकडच्या सीटवरच्या अनोळखी बाईला पण सांगत होत्या — आमच्या हर्षाने होणारी बायको समुद्रातून काढली! आणि आमचे हे शेजारी बसून मान डोलवतात. सकाळी घरी आलो तर चपला काढायच्या आधी फुलंवालीला सांगून मोकळे — "जावई मिळावा तर असा."

मी म्हटलं, मी पाहिलंय, तसं नाही झालेलं. तर मलाच म्हणतात, "लग्नघरात अभद्र बोलू नको. तोंड आवर."

आवरलं. म्हणून ही वही काढली. उन्नतीची कॉलेजातली, मागची पानं कोरी आहेत. चौथीनंतर एवढं सलग कधी लिहिलं नाही. हात दुखेल. दुखू दे. आज नाही लिहिलं तर उद्या मलाच वाटेल, भास झाला.

हर्षवर्धनचे लोक राहतात इथेच जवळ, आचोळ्याला, पण मूळचे मालवणकडचे. साखरपुडा झाला की होणारी सून गावच्या देवासमोर उभी करायची, नारळ ठेवायचा, अशी त्यांची रीत. म्हणून गेलो. ते तिघं, आम्ही तिघं. देवाचं शुक्रवारी झालं. शनिवारी संध्याकाळच्या गाडीपर्यंत दिवस मोकळा. हर्षवर्धन म्हणाला, "काकी, किल्ल्याच्या बेटाकडे जाऊ. तिथे डोळ्याला काच लावून समुद्राच्या आतलं दाखवतात."

मी म्हटलं, "समुद्राच्या काठावर जन्म गेला माझा. आतलं सगळं बाजारात टोपलीत येतं, तेवढं पुरे."

सगळे हसले. विहीणबाई म्हणाल्या, "जयवंतीबाई घाबरल्या!"

घाबरलेच होते. पोहता येत नाही मला. पण विहिणीसमोर कोण कबूल करतं? म्हटलं, मी पण उतरणार.

होडीतून जाताना डॉल्फिन दिसले. काळी पाठ वर, खाली, परत वर. सगळे ओरडायला लागले, उभे राहायला लागले. मला वाटलं, हे आता होडी उलटी करतात. बेटाच्या मागे खडकांपाशी होडीवाल्याने नांगर टाकला. अंगात जाकिटं घातली. डोळ्यांवर काच, तिच्यात नाकपण बंद. तोंडात रबरी नळी. मला एक टायर दिला धरायला. होडीवाला म्हणाला, "घाबरू नको गे काकी, तोंडान श्वास घे."

विहीणबाई, व्याही आणि हे होडीतच बसले. उतरलो आम्ही तिघं.

तोंड पाण्यात घातलं. मला वाटलेलं आत अंधार असेल. कसला अंधार! एवढा उजेड! पिवळे-काळे पट्टे असलेले मासे, तळहाताएवढे, माझ्या बोटांपाशी येऊन बघतात. दगडावर फुलांसारखं काहीतरी, पण ते आपणहून हलतं. खालून एक कासव गेलं, कसली म्हणून घाई नाही त्याला. आवाज नाही कशाचा. फक्त माझाच श्वास, नळीतून, घरघर. एक क्षण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग उन्नती दिसली. तिच्या ओढणीचं टोक नांगराच्या दोरात गुंतलेलं. होडी लाटेवर चढली की दोर ताणला जायचा आणि पोर खाली. जाकीट वर सरकून हनुवटीत आलेलं, ते काय तरंगवणार! तिने हर्षवर्धनचं मनगट धरलं होतं, दोन्ही हातांनी. त्याने एकदा तिचं मनगट धरून ओढून बघितलं. मग दुसऱ्या हाताने तिची बोटं सोडवली. झटकली नाहीत — सोडवली! एकेक. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग पुढचं. वालाच्या शेंगा सोलाव्यात तशी. आणि गेला वर.

वर जाऊन हाक मारली, ते खरं. होडीवाल्याने उडी टाकली, ओढणी फाडली, पोर वर आणली. ती खोकते आहे, ओकते आहे, आणि विहीणबाई काय म्हणतात — "हर्षाने हाक मारली म्हणून वाचली हो!"

होडीत होते त्यांनी वरचं पाहिलं. आतलं मी पाहिलं.

३० नोव्हेंबर, सोमवार

केळीला पाणी घालायला बावखलावर, वाडीतल्या तळ्यावर, गेले. एवढी वर्षं त्याच पाण्यात बादली बुडवते. आज बादली बुडताना बुडबुडे आले आणि मी ती वर ओढून उपडी केली. रिकामी बादली घेऊन परत आले. ह्यांना सांगितलं, कंबर धरली.

१ डिसेंबर, मंगळवार

आज हर्षवर्धन आला. कामणच्या गोडाऊनमधून सुटून परस्पर, गाडीवर. फोटो आणले होते. एका फोटोत दोघं ओले, याचा हात तिच्या खांद्यावर. मी तो फोटो सगळ्यांच्या खाली घातला.

चहा दिला. मी नुसती त्याची बोटं बघत होते. बशीला धरलेली, नखं कापलेली, स्वच्छ. चांगल्या घरची बोटं!

विचारलं, "पोहायला कुठे शिकलास रे?"

"नाही येत, काकी. जाकिटाच्या भरवशावर."

आतल्या खोलीत उन्नती फोनवर बोलत होती. तो हळूच म्हणाला, "काकी... तुम्हाला आत नीट दिसत होतं का?"

मी म्हटलं, "कुठलं? काचेवर वाफ धरली होती. काही दिसलं नाही."

का बोलले असं! चांगला समोर बसला होता, खोलीत दुसरं कोणी नव्हतं ऐकायला. तीन दिवस ओठावर आहे आणि त्याने आपणहून विचारलं तर मी खोटं बोलले. तो चहा अर्धा टाकून उठला. त्याला बरं वाटलं की वाईट, ते पण कळलं नाही मला.

उन्नती दोन दिवस लांब बाह्यांचाच ड्रेस घालते आहे. मनगट वळ उठून काळंनिळं झालंय. मी विचारलं तर म्हणे, बांगडी चढवताना लागलं.

२ डिसेंबर, बुधवार

राहवलं नाही. शेजारच्या कार्मिनला सांगितलं. पंचवीस वर्षांपासूनची शेजारीण, तिच्या पोटात राहतं. तिचा नवरा सॅन्टन जन्मभर मच्छीच्या होडीवर होता.

तिने सगळं ऐकलं. पाव दुधात बुडवून खात होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "जेवंती, पान्यात मानूस मानूस राहत नाय. माझा सॅन्टन सांगायचा, बुडनाऱ्याला समोरून धरू नको, तो तुला घेऊन जाईल."

"म्हणजे बरोबर केलं त्याने?"

"मी कुटं बोलते बरोबर? मी बोलते, त्याने वर येऊन हाक तरी मारली."

"तुझी पोरगी असती तर?"

"माझी पोरगी असती तर मी त्याला आधी दोन थोबाडीत दिल्या असत्या, मग विचार केला असता. तू काय केलंस? चहा पाजलास!" आणि हसली मेली. मग एकदम म्हणाली, "पन मला एक सांग. ओढनी घालून पान्यात उतरतं कोन गं?"

मी म्हटलं, दूध उतू जाईल, येते. घरी दूध तापतच नव्हतं.

३ डिसेंबर, गुरुवार

लिहिते. इथे तरी लिहिते.

ओढणी मी बांधली. उन्नतीने काढून होडीत ठेवली होती. होडीवाला पण म्हणाला होता, लोंबतं काही नको. पण व्याही श्रीरंगराव समोर बसलेले. कुडता भिजला की अंगाला चिकटणार, जाकीट ते केवढं, पोटावर येतं जेमतेम. मी म्हटलं, "सासरा बसलाय समोर, जरा लाज ठेव." ती म्हणाली, "आई, कोणी बघत नाही गं." मी ऐकलं नाही. ओढणी जाकिटावरून घेतली आणि कमरेला गाठ मारली. एक नाही, दोन. घट्ट. पाटलीण मोठी! विहिणीने मान हलवली तेव्हा मला केवढं बरं वाटलं — म्हणजे वळण दिसलं माझ्या घराचं.

कालपासून कोणी विचारेल याची भीती. आणि कोणीच नाही विचारलं तर? तर फेब्रुवारीत कन्यादानाला मी तिचा हात उचलून त्याच्याच हातात देणार, वर पाणी सोडणार.

सांगायलाच पाहिजे तिला. उद्या.

४ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं.

सातिवलीच्या ऑफिसातून आली, हातपाय धुतले, वाल सोलायला माझ्यासमोर बसली. मी एका दमात बोलले. बोटं, मनगट, वर गेला, सगळं. वाटलं होतं रडेल, भांडेल. ती सोलतच राहिली.

"आई, मला काय सांगतेस? हात माझाच होता."

म्हटलं, "मग गप्प का?"

"त्याने बसमध्येच सांगितलं. पनवेल यायच्या आधी. रडला. म्हणाला, मला काय झालं कळलं नाही, तू सोडणार नव्हतीस."

"रडला म्हणजे झालं?"

"झालं नाही. मी खरंच सोडणार नव्हते, आई. त्याला घेऊनच गेले असते." हे बोलताना तिचा आवाज एकदम सरळ. "पण तो बोलला. सगळे नाही बोलत."

माझ्या लक्षात आलं. म्हटलं, "ओढणीचं म्हणतेस ना? चुकलं माझं. तुझी आई अडाणी, तिला काय कळतंय. बांधायला नको होती."

तिने पहिल्यांदा वर बघितलं.

"ओढणीचं नाही म्हणत मी," म्हणाली आणि शेंगा तशाच टाकून उठून गेली.

५ डिसेंबर, शनिवार

पत्रिकेचा नमुना आला. पिवळ्या कागदावर गणपती, खाली आमच्या दोघांचं नाव. ह्यांनी तीनदा मोठ्याने वाचली. उन्नतीने हातात पण घेतली नाही.

हे म्हणाले, "उद्या छापायला टाकतो."

ती म्हणाली, "बाबा, गुरुवारी टाका."

"गुरुवारी का? मुहूर्त बघितलास काय?"

"गुरुवारीच टाका."

हे माझ्याकडे बघतात, मी भिंतीकडे. तिला लग्न मोडायचंय? की करायचंय? विचारायचं धाडस होत नाही. माझ्या घरात, मी जन्म दिलेल्या पोरीला विचारायला मी घाबरते!

कार्मिन कुंपणावरून ओरडली, "दिल्या काय थोबाडीत?" मी खिडकी लावून घेतली.

दिवसभर आठवायला बघते आहे. कोण कुठे होतं, किती लांब होतं. अर्ध्यावर गेलं की कानात ती घरघर चालू होते आणि पुढचं येत नाही. येऊ देत नाही मीच, असं पण वाटतं.

६ डिसेंबर, रविवार

केसांना तेल लावून देत होते तिच्या. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "आई, त्याने बोटं सोडवली तेव्हा मी त्याच्याकडे बघत नव्हते. तुझ्याकडे बघत होते. तू दोन हातांवर होतीस, टायर धरून. मी तुझ्याकडे हात केला. तू बघत राहिलीस."

माझे हात तिच्या डोक्यावर तसेच.

"त्याचं कारण त्याने सांगितलं. त्याच्याबद्दल मी ठरवीन काय ते. तू का नाही हात दिलास, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. बुधवारपर्यंत सांग."